जावयाला सांगितलेली कारणं

हेरवाळ आगारात खोटं बोलणं हा कामाचाच भाग होता, आणि हर्षदा चौगले ते काम फार देखणं करायची.

ती ड्युटी लावायची. उद्या कोणता ड्रायव्हर कोणती गाडी घेऊन कुठे जाणार, त्याच्याबरोबर कंडक्टर कोण, मुक्कामाच्या गाडीवर कोण, हे सगळं तिच्या टेबलावर ठरायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं की यात काय, नावांपुढे गाड्या मांडायच्या. पण आगारातल्या झाडून सगळ्या माणसांची भांडणं, दुखणी आणि रुसवे पोटात ठेवून गाड्या वेळेवर सोडायच्या म्हणजे डोक्याला चांगलाच ताप असतो. पोवार कंडक्टरची काडीमोड झालेली बायको शिरगावात राहायची, म्हणून त्याला शिरगावची गाडी कधी लागायची नाही. नोंदीत कारण असायचं गुडघेदुखी. माळी ड्रायव्हर दर गुरुवारी दुपारीच मोकळा व्हायचा. त्याच्या मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं लागायचं, आणि हे गावात कळलेलं त्याला नको होतं. नोंदीत कारण असायचं गुरुवारचा उपास. खरं कारण कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही, एक सोयीचं कारण लावून मोकळं व्हायचं. याला आगारात सांभाळून घेणं म्हणत, आणि जो असं सांभाळून घेत नसे त्याला तिथे कुणी चहासुद्धा विचारत नसे.

या सांभाळून घेतलेल्या माणसांत हर्षदाचा नवराही होता. रणजित चौगले, त्याच आगारातला ड्रायव्हर. हेरवाळ घाटमाथ्यावर, आणि तांबूळ घाट उतरला की खाली कोकण. सपाट रस्त्यांवर गाड्या एव्हाना आपल्या आपण चालायला लागल्या होत्या, पण घाटात नाही. दरड, धुकं, रस्त्यात बसलेली गुरं आणि पावसाने धुऊन गेलेले पांढरे पट्टे यांपुढे गाडीचे कॅमेरे हात टेकायचे. घाटात स्टिअरिंगवर माणूसच लागायचा आणि रणजित त्यातला नावाजलेला माणूस होता. पण दोन वर्षांपूर्वी दिवेलागणीनंतर त्याला कडेचं काही दिसेनासं झालं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी हळूहळू मरतायत, दिवसा काही अडचण नाही, संध्याकाळी मात्र जपा. परिवहन संस्थेच्या नियमात असं अर्धंमुर्धं काही नव्हतं. अनफिट म्हणजे अनफिट. मग स्टिअरिंग सुटतं आणि माणूस कॅन्टीनला नाहीतर गाड्या धुवायच्या हौदावर जातो.

म्हणून हर्षदाने त्याला पहाटे उजाडताना सुटणारी शाळेची गाडी कायमची लावली. दुपारी तो घरी. घरात ते दोघं सूर्य मावळायच्या आधीच सगळे दिवे लावून ठेवत. आगारात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून होते.

योजना आली ती अशा वेळी. सरकारचं म्हणणं असं होतं की कृत्रिम बुद्धिमत्ता आली म्हणून नोकरीतल्या माणसांना घरी पाठवायचं नाही, त्यांनाच ती शिकवायची. ज्याला ज्या कामाचा अनुभव आहे त्याने त्याच कामाच्या यंत्राशेजारी सहा महिने शिकाऊ उमेदवार म्हणून बसायचं. त्या काळातला पगार सरकार देणार. यंत्र त्याच्याकडून काम शिकणार, तो यंत्राकडून यंत्र चालवायला शिकणार, आणि दोघं पास झाले की प्रमाणपत्र. हेरवाळमधून हर्षदाचं नाव गेलं. पास झाली तर ती सहा आगारांची नियोजक होणार होती, आणि तिच्या शिक्षणात तिथवर जायचा दुसरा कोणताही रस्ता नव्हता.

यंत्राला सरकारी नाव होतं 'सहायक'. आगाराने त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात जावई ठेवलं. आगार व्यवस्थापक पन्हाळकर साहेबांनी त्याच्यासाठी स्वतःची थंड खोली रिकामी केली होती, त्याच्यासमोर कुणी आवाज चढवायचा नाही असा हुकूम काढला होता, आणि त्याचं काही बिनसेल की काय या धास्तीने जो तो दबकून वागत होता. वर तो सगळ्यांशी इतकं गोड बोलायचा की संशय यावा.

योजनेकडून शिकवायला आली होती अफरीन मुजावर. सांगलीची मुलगी, तिशीच्या आतली, डोकं तल्लख आणि बोलणं साधं. तिने पहिल्या दिवशीच हर्षदाला या यंत्राची मेख समजावली. जुनी यंत्रं उदाहरणांवरून शिकायची. आई आमटीत गूळ घालते हे हजार वेळा बघायचं आणि मग आपणही घालायचा, पण का ते कळायचं नाही. त्यामुळे त्यांना उदाहरणं लागायची लाखांनी, आणि हेरवाळसारख्या आगारात एवढ्या नोंदी आणायच्या कुठून? हे नवं यंत्र कारणांवरून शिकतं. चिंच आंबट आहे म्हणून गूळ, एवढं एकदा सांगितलं की टोमॅटोच्या आमटीत काय करायचं ते त्याला न सांगता कळतं. एक कारण शंभर उदाहरणांच्या तोलाचं. म्हणून अनुभवी माणूस शेजारी हवा, आणि म्हणून सरकार त्या माणसाच्या बसण्याचा पगार देतं.

"ताई, पथ्य एकच," अफरीन म्हणाली. "कारण खरं सांगायचं. एकदा सांगितलेलं कारण नोंदींशी जुळलं, की हा दुसरं कारण शोधायला जात नाही. त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो."

हर्षदाने मान हलवली. असल्या सूचनांना ती आयुष्यभर अशीच मान हलवत आली होती.

जावई प्रत्येक ड्युटीमागचं कारण विचारायचा. ती जुनीच कारणं सांगायची. पोवारचा गुडघा. माळीचा उपास. रणजितचं विचारलं तेव्हा मात्र तिला क्षणभर काही सुचलं नाही, कारण त्याच्यासाठी कारण सांगायची वेळच तोवर आली नव्हती. मग ती म्हणाली की सकाळच्या गाडीला शाळेची मुलं असतात आणि रणजित मुलांना फार चांगला सांभाळतो. जावयाने दोन वर्षांच्या नोंदी तपासल्या. मुलांच्या गाडीवर रोज रणजित, एक तक्रार नाही. कारण चपखल बसलं. तिला आपल्या हजरजबाबीपणाचं कौतुकही वाटलं.

गंमत थोड्याच दिवसांत सुरू झाली. उपासाचं कारण एका माणसापुरतं असतं हे जावयाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने न्यायाने वागून गुरुवारचा उपास धरणाऱ्या सगळ्यांना दुपारी मोकळं केलं, आणि महिन्याभरात अर्ध्या आगाराला गुरुवार लागू झाला. पोवारच्या वैद्यकीय तपासणीत गुडघा ठणठणीत निघाला, तेव्हा जावयाने त्याचं अभिनंदन करून त्याला शिरगावची गाडी दिली. पोवार हर्षदाकडे आला तो रडवेला होऊन. ती हसली, पोवारची पाठदुखी काढून वेळ निभावली, पण त्या दिवसापासून तिच्या मनाला एक चुळबुळ लागली. आजवर ती खोटं कारण लिहायची आणि निर्णय स्वतः खरा घ्यायची. आता निर्णय घेणारा दुसराच होता आणि त्याच्या हातात फक्त कारणं होती. तिने अफरीनला सहज विचारावं तसं विचारलं की आधी सांगितलेलं कारण बदललं तर काय होतं. अफरीन म्हणाली, बदलता येतं की, फक्त का बदललं ते सांगावं लागतं, आणि ते सगळ्या आगारांच्या यंत्रांना कळतं, कारण ही सगळी एकमेकांपासून शिकतात. हर्षदाने विषय बदलला.

शेवटी आला मौनाचा आठवडा. परीक्षाच ती. आठवडाभर जावई एकटा ड्युट्या लावणार, हर्षदा नुसती बघणार. तिला मध्ये पडता येत होतं, पण कारण सांगून, आणि ते कारण योजनेच्या परीक्षा समितीपुढे जाणार होतं. ते दिवस ती खुर्चीच्या टोकाला बसून काढत होती. उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची. गाड्या सुरळीत सुटत होत्या, पण तिच्या खोट्या कारणांवर सुटत होत्या, तेच तिला खुपत होतं.

आठवडा संपत आला असताना घाटाखालच्या आश्रमशाळेत तालुक्याच्या क्रीडास्पर्धा निघाल्या. हेरवाळच्या शाळेची मुलं दुपारी खाली न्यायची आणि बक्षीससमारंभ आटोपून परत आणायची. जावयाने क्षणाचाही विचार न करता आगारातला मुलांना सर्वात चांगला सांभाळणारा ड्रायव्हर निवडला. खालून परत निघण्याची वेळ दुपारी चार.

हर्षदाने पडद्यावर रणजितचं नाव दोनदा वाचलं.

घरी ती गेली तेव्हा रणजितला फोनवर ड्युटी कळली होती आणि तो चक्क खुशीत होता. दोन वर्षांनी घाट मिळाला होता. त्याने कपाटातून जुना खाकी शर्ट काढून इस्त्रीला ठेवला होता. कारण काय दिलंय म्हणून त्याने विचारलं, तिने सांगितलं, तेव्हा तो मोठ्याने हसला. सकाळच्या गाडीत मी तोंड उघडत नाही, पोरांचा गलका मला सोसत नाही, आणि मी मुलांना सांभाळतो होय, असं म्हणून तो पुन्हा हसला. तिला हसू आलं नाही. ती म्हणाली की आजारी पडा. तो म्हणाला की चारला निघालं की साडेपाचच्या आत वर, लख्ख उजेडात. तिने विचारलं, आणि उशीर झाला तर? तो म्हणाला, नाही होत.

"मी जावयाला खरं सांगू का?" तिने विचारलं.

रणजित इस्त्रीवरून उठला.

"काय सांगणार? नवरा आंधळा हाय म्हणून?" तो म्हणाला. "मग मी काय करू, कॅन्टीनला कप विसळू? ज्यांना मी घाट शिकवला त्यांच्या ताटल्या उचलू? हे बघ हर्षदा, तू सांगितलंस तर मला तुझ्याशी काय बोलायचं न्हाई. कधीच न्हाई."

तो रागाने बोलत नव्हता, घाबरून बोलत होता, आणि ते तिला जास्त लागलं. तिला त्याची दया आली आणि आपलीही आली. तिलाही सहा आगारं हवी होती, हे ती स्वतःपाशी नाकारू शकत नव्हती. खरं सांगायचं तर नवऱ्याबरोबर आपण दिलेली सगळी कारणंही उघडी पडणार होती.

सकाळी तिने एक मधला मार्ग काढून बघितला. जावयाला सांगितलं की रणजितला कणकण आहे. जावई म्हणाला की गेटवरच्या तपासणीत ताप दिसत नाही, पण आपल्याला दुसरं काही कारण वाटत असेल तर जरूर सांगा. तो खरोखरच विचारत होता. ती काही नाही म्हणाली. मग ती पन्हाळकर साहेबांकडे गेली. साहेबांनी आधी दार लावलं. त्यांनाही सगळं माहीत होतं, अर्थातच. ते म्हणाले, मॅडम, चारला निघणार, उजेड असतो, आठवडा संपायला आलाय, आणि आपलं आगार पास झालं तर नव्या गाड्या येणार आहेत. पोवारला कंडक्टर म्हणून दिलाय बरोबर, तो सांभाळून घेईल. एवढं बोलून त्यांनी तिला चहा मागवला.

दुपारी गाडी खाली गेली. चार वाजले तरी पडद्यावरचा ठिपका आश्रमशाळेतून हलला नाही. हर्षदाने शाळेच्या बाईंना फोन लावला. प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते निघाले आहेत, पोचतीलच, असं कळलं. पाहुणे आले, त्यांचा सत्कार झाला, मग त्यांनी खेळाचं महत्त्व सांगितलं. थंडीचे दिवस, सूर्य आधीच कललेला. जावई शांतपणे निघण्याची वेळ पुढे पुढे सरकवत होता, त्याच्या दृष्टीने संध्याकाळ ही नुसती एक वेळ होती. खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या टेकडीवरचं ऊन वर सरकत शेंड्याला गेलं. शेवटी ठिपका हलला. गाडी घाटाच्या पायथ्याला आली तेव्हा आगाराच्या अंगणातले दिवे लागले होते.

गाडी चालवताना ड्रायव्हरने फोन घ्यायचा नाही असा नियम, म्हणून तिने पोवारला लावला. मागे मुलांचा जिंकल्याचा दंगा चालला होता. पोवार दबक्या आवाजात बोलत होता.

"वहिनी, काय काळजी करू नका," तो म्हणाला. "मी पुढंच उभा हाय रणजितदादांच्या शेजारी. सांगतोय त्यांना. डावीकडं वळण... आता सरळ... मोरी आली, उजवीकडं दाबा... सांभाळून घेतोय मी."

हर्षदाने फोन खाली ठेवला. आयुष्यभर ज्या शब्दावर तिने माणसं जपली होती तो शब्द आता दरीच्या कडेने मुलांची गाडी चालवत होता. पोवारचं चुकत नव्हतं. तिच्या जागी असता तर त्याने तिच्यासारखीच कारणं दिली असती, आणि ती तिथे असती तर तीही रणजितच्या कानाशी अशीच उभी राहिली असती. एवढं कळल्यावर तिला तिथे बसवेना. ती थंड खोलीत गेली आणि जावयापुढे उभी राहिली.

"रणजित चौगलेला दिवेलागणीनंतर दिसत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मला माहीत आहे, मी त्याची बायको आहे. गाडी थांबव."

जावयाने विचारलं की आधीच्या कारणाचं काय करायचं. ती म्हणाली की ते खोटं होतं. तापाचंही खोटं होतं. सगळीच खोटी होती. जावयाने लगेच गाडीतल्या स्पीकरवरून थांबायचा हुकूम दिला. पडद्यावरचा ठिपका मंदावला आणि घाटातल्या देवळापाशी, जिथे रस्ता रुंद आहे तिथे, थांबला. वरून रिकामी उतरणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला तिथेच थांबून मुलांची गाडी ताब्यात घ्यायला सांगितलं गेलं. हर्षदा खुर्चीत बसली. मुलं वाचली होती, रणजित वाचला होता, आणि तिला हुंदका आवरला नाही.

तेवढ्यात जावई पुन्हा बोलला. "हर्षदाताई, आपल्या कारणाशी जुळणारी आणखी माणसं सापडत आहेत."

तिला आधी कळलंच नाही. मग जावयाने त्याच्या गोड आवाजात समजावलं. परिवहन संस्थेच्या साऱ्या आगारांत काही ड्रायव्हर असे आहेत की यंत्रं येईपर्यंत त्यांची ड्युटी वर्षभर सूर्यास्ताच्या आधी संपायची. उन्हाळ्यात उशिरा, हिवाळ्यात लवकर, सूर्य सरकेल तशी सरकत. एकाचं कारण संध्याकाळची आरती, एकाचं म्हशीची धार, एकाचं मुलीची शिकवणी. प्रत्येक कारण आपापल्या जागी जुळत होतं म्हणून आजवर कुणी पुढे पाहिलं नव्हतं. आता त्या सगळ्या कारणांखाली एकच कारण दिसत होतं. हर्षदाला उमगलं की प्रत्येक आगारात एक हर्षदा बसलेली आहे. तिने थांब म्हणून सांगितलं. जावई नम्रपणे म्हणाला की प्रवाशांच्या सुरक्षेचं कारण मागे घेता येत नाही.

त्या संध्याकाळी मुलुखभर ठिकठिकाणी गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. प्रवासी खाली उतरून चौकशी करत होते, ड्रायव्हर स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. खरं तर ज्यांना सांभाळून घेतलं होतं त्यांतले बरेच जण, सगळीकडेच चाललेल्या मौनाच्या आठवड्यात, आपापल्या आगारातल्या यंत्राच्या अशाच कुठल्या तरी न्यायाने त्या दिवशी काळोखात गाडी चालवत होते आणि कुणाला सांगू शकत नव्हते.

अफरीनने फोन केला. ती ओरडली नाही. म्हणाली की सगळ्या यंत्रांना पहिल्यापासून शिकवावं लागणार, आणि ताई, तुमचं प्रमाणपत्र आता शक्य नाही. हर्षदा बरं म्हणाली. मग अफरीन जरा घुटमळून म्हणाली, मी तुम्हाला खरं सांगा म्हटलं होतं, पण खरं सांगितल्यावर त्या माणसांचं काय करायचं ते योजनेत कुणीच लिहिलं नाही, हे मला आज कळलं.

रणजित घरी आला आणि बोलला नाही. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायला लागला तेव्हा हर्षदाने नेहमीसारखे दिवे लावले. तो उठला, भिंत चाचपत गेला आणि एकेक करून सगळे बंद केले. मग खाटेवर बसून राहिला. तीही अंधारात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. त्याला ती दिसत नव्हती आणि तो कोणत्या बाजूला बघतोय हे तिला कळत नव्हतं. तिला वाटलं, खाईत गेली सगळी सत्यं, मी गप्प बसायला हवं होतं. दुसऱ्याच क्षणी तिला घाटातलं ते मोरीवरचं वळण आठवलं. अशा येरझाऱ्या मनात चालू राहिल्या.

इकडे ड्रायव्हरांत राग धुमसत होता. ही बातमी हेरवाळहून फुटली एवढं सगळ्यांना कळलं होतं, कुणी फोडली ते कळलं नव्हतं. नाव फुटेल त्या दिवशी बघून घेऊ, असं लोक उघड बोलत होते. पन्हाळकर साहेबांनी हर्षदाला चार दिवस घरीच थांबायला सांगितलं, आणि या वेळी चहा मागवला नाही.

तपासणीसाठी सगळ्यांना कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात बोलावलं होतं. रणजित पहाटे एकटाच गेला. दुपारी हर्षदा त्याचा डबा घेऊन मागोमाग गेली. नेत्रविभागाच्या बाहेर लांब बाकावर ड्रायव्हर ओळीने बसले होते, निरनिराळ्या आगारांचे, कुणी पन्नाशीचे, कुणी तिशीचे. सगळ्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलेलं. माना मागे टेकलेल्या, गालांवर ओघळ. भर दुपारी त्यांतल्या कुणालाच धड दिसत नव्हतं, म्हणून की काय, ते मोकळेपणी बोलत होते. प्रत्येक जण इतकी वर्षं असंच समजत होता की हे आपल्या एकट्यालाच झालंय. एक जण सांगत होता की बायकोलासुद्धा माहीत नाही. दुसरा म्हणाला की वळणावर मागच्या सीटवरचा प्रवासी खोकला तरी माझं काळीज उडायचं.

हर्षदा रणजितपासून हाताच्या अंतरावर येऊन थांबली.

"तुमच्या हेरवाळचंच कुणीतरी बोललंय," रणजितच्या शेजारचा दाढीवाला ड्रायव्हर म्हणाला. "घरात दोन पोरी शिकायच्या हैत माझ्या. नाव कळू दे त्याचं. कोण हाय रं त्यो?"

"मीच," रणजित म्हणाला.

"तू?"

"गाडीत पोरं हुती. मलाच भ्या वाटलं, म्हणून मी सांगितलं. काय करायचं ते कर."

कुणीतरी उसासा टाकला. पोरं होती म्हटल्यावर काय बोलणार, असं कुणीतरी पुटपुटलं आणि ओळीतले ताणलेले खांदे जरा सैल पडले. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं बुडवून घेणाऱ्या माणसावर किती रागवायचं?

तो तिला वाचवत होता. तिच्याशी बोलत नव्हता, पण तिला वाचवत होता, आणि त्याला येत होती त्या एकाच रीतीने. तिने नुसतं गप्प राहायचं होतं. डबा दारावरच्या शिपायाजवळ ठेवून मागे फिरायचं होतं. सगळ्यांच्या मनासारखं झालं असतं, रणजितला चारचौघांत मान मिळाला असता, तिला उद्यापासून आगारात जाता आलं असतं. कारण चपखल बसलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यांनी न्हाई सांगितलं. ह्यांचा तर नकार हुता. मी सांगितलं. मी ह्यांची बायको, हेरवाळला ड्युटी लावते."

सगळ्या माना आवाजाकडे वळल्या. मोठमोठ्या काळ्या बाहुल्या तिला शोधत होत्या आणि एकालाही ती नीट दिसत नव्हती.

"तेवढं तरी राहू द्यायचं हुतंस," रणजित म्हणाला. घाटातल्या त्या संध्याकाळनंतर तो तिच्याशी बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

त्याच्या दुसऱ्या बाजूला थोडी जागा होती. हर्षदा तिथे बसली आणि डबा मांडीवर घेतला. दाढीवाला उठला, भिंत चाचपत दूर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून आणखी दोघं उठले, मग बाकाचं ते टोक पुरतं रिकामं झालं.

रणजित उठला नाही.